मुक्काम पोस्ट सुरत

हल्ली मोटारीमागे एक छोटासा ट्रेलर जोडायचा, त्यात तंबू, गाद्या, शेगडी, पाण्याचे कॅन भरायचे आणि हॉटेलांच्या वाटेला न जाता जागोजाग मुक्काम करीत चार-आठ दिवस फिरायचे, अशी एक हौस आपल्याकडेही रुजू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने तर २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणच मंजूर केले. आमच्या कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्याने ही हौस मनावर घेतली आहे. त्याची थोरली बहीण सुरतेला लिंबायत भागात राहते. तिच्याकडे गोव्याहून, वाटेत मुक्काम करीत, बायकामुलांसह जायचे असा त्याचा बेत. ‘तुम्ही इतिहास वाचता, जरा या वाटेचं बघून सांगा,’ असे तो म्हणाला आणि मी कपाटातली जुनी पुस्तके काढून बसलो. त्याला हवे होते पेट्रोल पंप आणि तंबू ठोकायला सुरक्षित जागा. मला सापडले ते साडेतीनशे वर्षांपूर्वीचे तंबू. त्यांचा त्याला किती उपयोग होईल ते तोच जाणे, पण त्या तंबूंची हकिगत वाचकांपुढे ठेवावीशी वाटली.

आपल्याला, म्हणजे गोवेकरांना, मुक्कामी प्रवास काही परका नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने जत्रेला बैलगाडीनेच जायचे. गाडीत गवत अंथरलेले, त्यावर चटई, वर तट्ट्याचे छप्पर, मागे शिध्याचे गाठोडे आणि दोन-चार भांडी, खाली टांगलेला कंदील. देवळाच्या अग्रशाळेत खोली मिळाली तर उत्तम, नाही तर माडाखाली तीन दगडांची चूल. आजचा ट्रेलर हा त्या गाडीचाच नातू म्हणायचा. फरक एवढाच की बैलाला थकवा आला की तो थांबत असे. मोटार थांबत नाही, म्हणून थांबायचे कुठे हे आपल्यालाच आधी ठरवावे लागते.

पण गोवा ते सुरत हा प्रवास मात्र आपल्या पूर्वजांनी गाडीने क्वचितच केला असेल. सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेक वाऱ्या केलेला फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्नियर लिहितो की सुरतेहून गोव्याला थोडे जमिनीने व थोडे समुद्राने जाता येते, परंतु खुष्कीची वाट, विशेषतः दमण ते राजापूर हा टप्पा, इतका वाईट की बहुतेक लोक वल्ह्यांच्या होडीने किनाऱ्याकिनाऱ्याने जाणेच पसंत करतात. समुद्रात मलबारी चाच्यांचे भय, तरीही. कारण उघड आहे. कोकणचा नकाशा पाहिला तर दर काही कोसांवर एक खाडी आडवी येते आणि दोन खाड्यांच्या मध्ये डोंगराची एक सोंड. आज आपण पणजीहून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरून पनवेल आणि पुढे ४८ क्रमांकाच्या महामार्गाने साडेआठशे किलोमीटरच्या आसपास अंतर तोडून सुरतेला पोचतो, तेव्हा खरे म्हणजे आपण पुलांवरून प्रवास करीत असतो. आपल्या जुवारीवरचा पूल १९८३ सालचा. त्याआधी फेरीबोटीच्या रांगेत काढलेले तास आठवणारे वाचक अजून आहेत.

याउलट सुरतेहून उत्तरेला आणि पूर्वेला मात्र गाडीवाट उत्तम होती. टॅव्हर्नियरच्याच म्हणण्याप्रमाणे दोन बैलांची प्रवासी गाडी दिवसाला साधारण एक रुपया भाड्याने मिळे, आणि सुरत ते आग्रा हा पस्तीस-चाळीस दिवसांचा प्रवास चाळीस-पंचेचाळीस रुपयांत होई. मालाची वाहतूक वंजाऱ्यांच्या तांड्यांकडे. आपल्याकडे घाटावरून धान्य घेऊन उतरणारे लमाण ते हेच. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत असे टॅव्हर्नियर सांगतो. बायकामुले, तंबू, देव, सगळे बरोबर. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर तो पूर्ण जाईपर्यंत प्रवाशाला दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे! महामार्गावर ट्रकांच्या रांगेत अडकल्यावर आपण चरफडतो, त्यांनी हे आठवावे.

अशा या काळात, १६६४ च्या आरंभी, एक मोठी मजल अतिशय थोड्या सामानानिशी आखली गेली आणि पार पडली. ती शिवाजी महाराजांची सुरतेची स्वारी. शाळेत आपण ती ‘सुरतेची लूट’ या दोन शब्दांत शिकलो. लुटीचा आकडा पाठ केला आणि पुढच्या धड्याला लागलो. पण प्रवास म्हणून, मुक्कामांची आखणी म्हणून त्या स्वारीकडे पाहिले तर फार वेगळ्या गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, वाट आधी पाहून घेणे. सभासदाच्या बखरीत सुरतेची खबर बहिर्जी जासुदाने आणल्याचे येते. थेवेनो नावाचा फ्रेंच प्रवासी १६६६ च्या आरंभी, म्हणजे स्वारीनंतर दोनच वर्षांनी, सुरतेत उतरला. त्याने शहरात जी हकिगत ऐकली तीत तर स्वतः महाराजच फकिराच्या वेषात येऊन वाटा आणि शहर पाहून गेले असे आहे. ही सुरतेची दंतकथा असेलही. पण घाबरलेल्या शहराला दोन वर्षांनीही हेच आठवत होते की आलेला माणूस आमची गल्ली न् गल्ली ओळखत होता.

दुसरी गोष्ट, निघताना मागे काय ठेवायचे याचा विचार. हाच थेवेनो सांगतो की महाराजांनी एक तळ चौलसमोर आणि एक वसईसमोर दिला होता. लोकांकडून घ्याल त्याचे दाम द्या, अशी तळावर ताकीद होती. मग एके दिवशी निवडक चार हजार स्वार, फारसे सामान बरोबर न घेता, तळावरून निघून गेले. उरलेल्यांना हुकूम असा की सगळे जागेवरच आहेत असे भासेल इतका गलबला चालू ठेवा. म्हणजे तंबू मागे राहिले आणि माणसे पुढे गेली. छावणीचा असा उपयोग मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

तिसरी गोष्ट, ऋतू. पौषाचा महिना. दमणगंगा, पार, औरंगा, अंबिका, पूर्णा, मिंढोळा या एकामागून एक येणाऱ्या नद्यांना तेव्हा उतार मिळतो, रात्री कोरड्या असतात, शेतात उघड्यावर निजता येते. हाच प्रवास जुलैत करायचा म्हटले असते तर पहिल्या नदीनेच घोडदळ अडवले असते. वाट कोणती धरली याचा रोजचा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नाही, पण सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या जव्हार-रामनगरच्या रानातून ती गेली असावी असा इतिहासकारांचा कौल आहे. रामनगरचे राज्य म्हणजे पुढे धरमपूर संस्थान झाले ते. पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार आणि रामनगर ही दोन्ही राज्ये घेतली, तीही या वाटेचे मोल ओळखूनच.

मंगळवारी, ५ जानेवारीच्या सकाळी, शिवाजी गणदेवीला आला अशी बातमी सुरतेत पोचली. गणदेवी तिथून दक्षिणेला अठ्ठावीस मैलांवर. बुधवारी, ६ तारखेला, अकराच्या सुमारास महाराज शहराबाहेर हजर होते आणि बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर पाव मैलावर एका बागेत त्यांचा तंबू उभा राहिला. या तारखा इंग्रज वखारवाल्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे आहेत. पोर्तुगीजांनी नवे पंचांग आधीच्या शतकातच स्वीकारलेले असल्यामुळे आपल्या गोव्यात त्या दिवशी १६ जानेवारी होती. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या तर वाचकांनी गोंधळू नये, म्हणून हा खुलासा.

शहराची स्थिती काय होती? मोगल साम्राज्यातले हे सर्वांत श्रीमंत बंदर, मक्केच्या यात्रेचे दार, वीरजी व्होरासारख्या सावकारांचे गाव, आणि तटबंदी मातीची! सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार सरकारी खजिन्यातून उचलत होता; तेवढे शिपाई हजेरीला कधीच नव्हते. आम्ही कारकुनी पेशातली माणसे, हजेरीपट आणि पगारपट यांचा मेळ न बसणे म्हणजे काय हे आम्हाला सांगावे लागत नाही. खान बातमी येताच किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रज आणि डच आपापल्या वखारींत बंदोबस्त करून राहिले. सामान्य रयतेला मात्र पळण्यासाठी नदीपलीकडे वाट धरावी लागली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्या अभिमानाच्या लेखनात ती बहुधा गाळली जाते. बागेतला तो तंबू म्हणजे सहलीचा तंबू नव्हता. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज बाहेरून शहरात येताना पकडला गेला आणि त्याला त्या तंबूत नेण्यात आले. धन लपवणाऱ्या माणसांचे हात तोडले जात असल्याचे त्याने पाहिले. शिष्टाईच्या निमित्ताने किल्ल्यातून आलेल्या खानाच्या एका तरुण माणसाने महाराजांवर कट्यारीने झडप घातली. रक्षकाने त्याचा हात तोडला म्हणून ते वाचले. मग कैद्यांवर सूड उगवला गेला. चार दिवस शहर जळत होते. लाल महालात १६६३ च्या एप्रिलात शाइस्तेखानाला तडाखा मिळेपर्यंत खानाच्या फौजेने तीन वर्षे पुणे मुलूख कसा तुडवला होता, त्याची ही भरपाई होती हे खरे. पण भरपाई ज्यांच्याकडून वसूल झाली त्यांत सुरतेतले साधे लोकही होते, हेही खरेच. दोन्ही खरे मानून इतिहास वाचायला मन थोडे मोठे करावे लागते.

रविवारी, १० तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास महाराज जसे आले तसे अचानक निघून गेले. मोगल कुमक येऊन पोचली ती १७ तारखेला. लूट एक कोट रुपयांवर होती असा सर जदुनाथ सरकारांचा अंदाज आहे. बादशहाने व्यापाऱ्यांना एक वर्षाची जकात माफ केली. आणि मग मातीच्या तटाच्या जागी विटांचा तट बांधायला काढला!

आता परतीचा विचार करा. चार हजार स्वार रिकाम्या हाताने आले होते, जाताना प्रत्येक जनावरावर ओझे होते. म्हणून ओझे निवडतानाच हिशेब दिसतो. सोने, रुपे, मोती, जवाहीर यांना पहिला मान. बर्नियर रेशमी आणि तलम कापडही सांगतो. थोडक्यात, वजनाला हलके आणि मोलाला भारी. अवजड माल सुरतेतच राहिला. ट्रेलरवाल्यांनी इथे कान टवकारावेत. जाताना अर्धा रिकामा असलेला ट्रेलर परतताना साड्यांच्या गठ्ठ्यांनी, फरसाणाच्या डब्यांनी आणि बहिणीने दिलेल्या लोणच्याच्या बरण्यांनी भरतो. सुरतेहून कोणी रिकाम्या हाताने परत येत नाही, ही परंपरा तशी जुनीच आहे. पण घाटात उतरताना मागचे ओझे पुढच्या गाडीला ढकलते, आणि वळणावर ट्रेलर आतल्या अंगाला ओढला जातो. कशेडीला आता बोगदा झाला असला, तरी कोकणातली सगळी वळणे काही सरळ झालेली नाहीत.

ओझ्याने परतीच्या वाटेवर काय होते, याचा धडा दुसऱ्या स्वारीत मिळतो. १६७० च्या ऑक्टोबरात महाराजांनी सुरत पुन्हा लुटली, या वेळी तीन दिवस. परतताना वाट बागलाणातून होती. भरलेली जनावरे घेऊन फौज हळू चालत होती आणि दाऊदखान कुरेशीने त्यांना दिंडोरीजवळ १७ ऑक्टोबरला गाठले. ओझ्याची जनावरे पुढे काढून देऊन मागच्या फौजेने दिवसभर लढाई दिली आणि जिंकली. पहिल्या स्वारीत गती हीच ढाल होती. दुसऱ्या स्वारीत ती ढाल लढून मिळवावी लागली.

आता दुसऱ्या बाजूचे तंबू पाहू. सुरतेची पहिली लूट झाली त्याच १६६४ सालच्या ६ डिसेंबरला औरंगजेब बादशहा दिल्लीहून लाहोरमार्गे काश्मीरला जायला निघाला. बर्नियर त्या लवाजम्याबरोबर होता. बादशहाचे तंबू दुहेरी असत. एका मुक्कामी बादशहा झोपलेला असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी उभा होत असे. त्याला पेशखाना म्हणत. एवढ्या एका पेशखान्यासाठी साठावर हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत. दिल्ली ते लाहोर हे अंतर तोडायला त्या लवाजम्याला जवळजवळ दोन महिने लागले. वाटेत शिकारही चालली होती म्हणा. सोय इतकी परिपूर्ण की शेवटी सोयच प्रवास करीत होती आणि बादशहा तिच्या मागून जात होता.

ही छावणी पुढे आपल्या दारापर्यंत आली. १६८१ नंतर औरंगजेब दक्षिणेत उतरला तो परत गेलाच नाही. १६९५ च्या मार्च महिन्यात जेमेल्ली करेरी नावाचा इटालियन प्रवासी गोव्याहून फोंड्यावरून घाट चढून कृष्णाकाठी गलगलीला गेला, ते केवळ ही छावणी आणि तो बादशहा पाहायला. छावणीचा घेर तीस मैल आणि आत शेकडो बाजार, असे त्याने लिहिले आहे. ते फिरते शहर जिथे बसे तिथला चारा, लाकूड आणि पाणी संपवून उठे. बादशहा १७०७ मध्ये वारला तोही अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीतच.

करेरी ज्या वर्षी फोंड्यावरून गेला त्याच १६९५ साली, शिवाजी महाराजांचे एक चरित्र पोर्तुगीज भाषेत लिहिले जात होते. ते १७३० मध्ये लिस्बनला छापले गेले. त्यावर लेखकाचे नाव कोस्मे दा ग्वार्दा आणि गाव मुरगाव असे आहे. त्यात चुका पुष्कळ आहेत. पण महाराजांच्या मृत्यूला पंधराच वर्षे झालेली असताना मुरगावच्या एका माणसाला त्यांचे चरित्र पोर्तुगीजांच्या भाषेत सांगावेसे वाटले, ही गोष्ट आपण गोमंतकीयांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

छावणीने आसपासच्या लोकांचे काय होते, हा प्रश्न महाराजांच्या डोळ्यांपुढे कायम असावा. सभासद सांगतो त्याप्रमाणे मराठी फौज दसऱ्याला बाहेर पडे, आठ महिने मुलुखगिरी करी आणि पावसाळ्याला छावणीत परते. निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी होई, परतल्यावर झडती होई, जास्त निघाले तर वसुली. आमच्या कचेरीतले डेड स्टॉक रजिस्टर याच कुळातले. बायका, बटकी, कलावंतिणी यांना स्वारीत मज्जाव होता. पण सर्वांत बोलका पुरावा म्हणजे चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेले ते प्रसिद्ध पत्र. पावसाळाभर पुरायचे दाणे आणि गवत आताच उधळाल तर ऐन पावसात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात घुसाल, कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी उचलाल. लोक म्हणतील याच्यापेक्षा मोगल बरे. असा त्याचा आशय आहे. आणि त्याच पत्रात विस्तवाची ताकीद आहे. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, चिलमी ओढू नका, रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवील आणि सगळी छावणी भस्म होईल.

पेटती वात पळवणारा उंदीर! एका राज्याच्या धन्याच्या नजरेतून तो सुटला नाही. आज तंबूत गॅसची शेगडी पेटवणाऱ्यांसाठी यापेक्षा नेमकी सूचना कोणत्या माहितीपत्रकात मिळेल असे मला वाटत नाही. आणि दुसरी सूचनाही तितकीच आजची आहे. ज्याच्या बांधावर, ज्याच्या माडाखाली आपण उतरतो त्याला विचारून उतरावे, घेतले त्याचे पैसे द्यावेत, आणि उठताना जागा होती तशी ठेवावी. गोव्याच्या किनाऱ्यावर रस्त्याकडेला गाड्या लावून, चुली मांडून, बाटल्या टाकून जाणारे पर्यटक आपण रोज पाहतो. आपण दुसऱ्याच्या गावात पर्यटक होतो तेव्हा ते चित्र विसरू नये.

आता पुन्हा बऱ्हाणपूर दरवाजाशी येऊ. महाराजांचा तंबू ज्या दरवाजाबाहेर पडला त्याचे नाव बऱ्हाणपूरचे होते, कारण तिथून खानदेशची वाट सुटत असे. शहरात बऱ्हाणपुरी भागळ हे नाव अजून ऐकू येते. टॅव्हर्नियरने या वाटेचे मुक्काम दिले आहेत. बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, अशी ती बऱ्हाणपुराला जाते. नवापूर हे विणकरांचे मोठे गाव, पण तिथली खरी चीज तांदूळ, आणि त्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, असे हा जवाहिऱ्या आठवणीने लिहितो. नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात, ऐन सीमेवर आहे. तिथल्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये पडतो. ही रेल्वे म्हणजे जुनी ताप्ती व्हॅली रेल्वे. तिचे रूळ टॅव्हर्नियरच्याच मुक्कामांना शिवत जातात. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अंमळनेर, जळगाव. आणि सुरतेच्या टोकाला ती मुख्य लाइनला मिळते ते उधना इथे.

उधन्याला लागूनच लिंबायत. सहकाऱ्याची बहीण राहते ते हे ठिकाण. धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांतून याच वाटेने आणि याच रेल्वेने माणसे येत राहिली. यंत्रमागावर, कापड बाजारात, प्रोसेसिंगच्या गिरण्यांत कामाला लागली आणि रेल्वेलाइनच्या पूर्वेला वस्ती वाढत गेली. २००८ च्या पुनर्रचनेत लिंबायत हा विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघ झाला. तिथल्या गल्ल्यांत अहिराणी बोलली जाते, श्रावणात कानबाई बसते, आणि सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. मराठी शाळेच्या पटावरची संख्या मोजत बसलेल्या आपल्याला हे ऐकून बरे वाटावे.

मराठी माणूस सुरतेला कशाला गेला होता, असे विचारले की आपल्या डोळ्यांपुढे भगवे निशाण आणि धावते घोडे येतात. त्या चार दिवसांच्या तंबूवर पुस्तकांचे ढीग लिहिले गेले. पण त्याच दरवाजाच्या वाटेने एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी घेऊन आलेल्या, पहिल्या रात्री फलाटावर किंवा गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकणाऱ्या हजारोंवर आपल्या साहित्यात किती पाने आहेत? त्यांनी काही लुटले नाही. लुटायला आलेल्यांचे वंशज अशी थट्टा मात्र त्यांच्या वाट्याला येत असेलही. ज्या कापडासाठी सुरत सात समुद्रापार ठाऊक होती, ते कापड विणायला त्यांनी हात लावला.

त्यांचा मुक्कामही वाटतो तितका पक्का नव्हता. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने लाखो माणसे चार-दोन दिवसांत सुरत सोडून गेली. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने शहर बुडाले. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले आणि कामगारांनी पुन्हा गावची वाट धरली. दर वेळी तीच गाठोडी, तीच पेटी, आणि दर वेळी बरेचसे लोक परतून आले. सामान थोडे होते म्हणून उठता आले, आणि वाट ओळखीची होती म्हणून परत येता आले. महाराजांच्या स्वारीत जे दोन गुण दिसतात तेच या साध्या माणसांच्या अंगी, कोणी न शिकवता, आलेले आहेत.

म्हणून ट्रेलर जोडून या वाटेने जाणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच. सामान अर्धे करा, ऋतू पाहून निघा, परतीच्या ओझ्याला जागा ठेवा, विस्तव सांभाळा, उतराल तिथल्या माणसाचे देणे ठेवू नका. सुरतेचा तट, बाग आणि दरवाजा शोधायला एक सकाळ पुरे. दुसरी सकाळ लिंबायतसाठी राखून ठेवा. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या काकांना विचारा की पहिल्यांदा कोणत्या साली आलात, बरोबर काय होते आणि पहिली रात्र कुठे काढलीत. सांगतील. आणि ते जे सांगतील ते लिहून आणा, कारण ती बखर अजून कोणी लिहिलेली नाही.